डाव्या बाजूचा पत्रा

दातांच्या डॉक्टरला पेशंटांतून जरा मोकळीक मिळाली की तो दवाखान्याला कुलूप घालून थेट घरामागच्या शेडमध्ये जायचा, आणि तिथून त्याला जेवायला उठवून आणता आणता त्याच्या बायकोच्या नाकी नऊ यायचे. शेडमध्ये काय नव्हतं! फौजेतल्या पाण्याच्या बाटल्या, हेल्मेटं, पोचे आलेले कंदील, एका मोटारसायकलचं अर्धं धूड. “लोकांचे नवरे म्हातारपणी देवाधर्माला लागतात, आमचे हे भंगाराला लागले,” असं ती येईल त्याला सांगायची. डॉक्टर हसून सोडून द्यायचा. कारण त्या पसाऱ्यात मधोमध जी गाडी उभी होती ती त्याच्या लेखी भंगार नव्हतीच. ती भावोजींची अँब्युलन्स होती.

भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा नवरा. फौजेत अँब्युलन्स चालवायचे. लढाईत जखमींना आणायला म्हणून गेले आणि परत आले ते आपल्याच गाडीत, मागे, आडवे होऊन. हॉस्पिटल येईपर्यंत सगळं संपलं होतं. लग्नाला तेव्हा पुरतं वर्षही झालं नव्हतं. ताईनं दुसरं लग्न केलं नाही. शाळेत शिकवलं, निवृत्त झाली, आणि भिंतीवरच्या एका फोटोच्या सोबतीनं म्हातारी झाली. फोटोत भावोजी गाडीच्या बॉनेटला टेकून उभे आहेत आणि गाडीचा नंबर स्वच्छ वाचता येतो.

त्या नंबराच्या मागे डॉक्टर हात धुऊन लागला होता. लिलाव पालथे घातले, भंगारवाल्यांची आवारं तुडवली, चार ठिकाणी फसला. शेवटी एका वीटभट्टीच्या मागे गाडी सापडली. चाकं नाहीत, काचा नाहीत, आत कोंबड्या. बॉनेटवरचे रंगाचे थर खरवडले तर खालून तोच नंबर निघाला. तेव्हा हा एवढा मोठा माणूस तिथंच कोंबड्यांच्या घाणीत बसून ढसाढसा रडला. ताईनं त्याला अंगाखांद्यावर वाढवलेलं. तिच्या उभ्या आयुष्यात आपण तिला काही म्हणता काही देऊ शकलो नाही, हे त्याला आतून खात होतं. आता मात्र तिच्या माणसाचं काहीतरी तिच्या हातात ठेवता येणार होतं. पण आधी सांगायचं नाही. गाडी पुरी झाली, नव्यासारखी झाली, की मगच दाखवायची. आता याला काय म्हणावं! त्याच दिवशी फोन करून ये म्हणाला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

त्याच्यासारखाच नाद असलेला एक मित्र होता. फौजेत एक दिवस गेला नव्हता, पण फौजी टोप्या जमवायचा म्हणून सगळे त्याला सुभेदार म्हणायचे. गाडी बघायला आला आणि मागच्या दारातून आत डोकावला.

“इंजिन कर, ब्रेक कर, बाहेरून रंग दे,” तो म्हणाला. “आतला पत्रा मात्र घासू नकोस बाबा. आत माणसं होती.”

“अरे, गंजलाय तो.”

“गंजू दे. अति तिथं माती.”

डॉक्टरनं मान हलवली आणि ऐकलं मात्र नाही. त्याचा धंदाच पडला तसला. खड्डा दिसला की कोरायचा, साफ करायचा, भरायचा, आणि असा घोटायचा की जिभेलासुद्धा कळता कामा नये. पेशंटांची उभी रांग त्याचं नाव घ्यायची ती यासाठीच. तोच हात गाडीवर फिरला. मशीननं रंगाचे थर उडवले, खाली चकाकणारा पत्रा काढला, खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरले.

डाव्या बाजूला, खालच्या स्ट्रेचरच्या वर, रंग निघाला तेव्हा पत्र्यावर ओरखडे दिसले. बारीक, वाकडेतिकडे, एकाखाली एक, काहीतरी लिहिल्यासारखे. डॉक्टरच्या तोंडावर फडकं बांधलेलं, चष्मा कपाळावर. तो चष्मा खाली ओढायचीही तसदी त्यानं घेतली नाही. “बाकावर नावं कोरणारी कार्टी इथंही पोचली वाटतं,” असं स्वतःशीच पुटपुटला आणि मशीन फिरवलं. दोन-चार ओरखडे खोल होते, ते भरून टाकले. वर रंगाचे दोन हात. झालं.

ताई रविवारी सकाळी आली. तिला काही सांगितलं नव्हतं, नुसतं “ये, काम आहे” म्हटलेलं. डॉक्टरनं शेडचं दार सरकवलं. ती उंबऱ्यातच थबकली.

“ही...?”

“तीच. नंबर बघ.”

तिनं बॉनेटवरून हात फिरवला, फोटोत भावोजी जिथं टेकलेत तिथं. डॉक्टरचे डोळे भरून आले. आपण जिंकलो असंच त्याला वाटलं. मग ती म्हणाली, “मागचं दार उघड.” गुडघे धड वाकत नसताना, त्याच्या खांद्याला धरून ती आत चढली. इकडं तिकडं न बघता डाव्या बाजूच्या खालच्या स्ट्रेचरवर जाऊन बसली. पिशवीतून चष्मा काढला, पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पत्र्याला नाक लावून बघू लागली.

“दिवा आण रे जरा.”

त्यानं हौसेनं दिवा आणून धरला. “बघ, बघ. एक खड्डा सापडला तर नाव बदलीन.”

“इथं लिहिलेलं होतं,” ताई म्हणाली. ती अजून शोधतच होती. “ह्यांच्या जोडीचा मदतनीस होता ना, गाडी त्यानंच परत आणली. तो नंतर मला भेटायला आला होता. म्हणाला, ताई, ते डावीकडच्या खालच्या स्ट्रेचरवर होते, वाटभर पत्र्यावर काहीतरी कोरत होते, टोपीवरचा बिल्ला घेऊन. मी ओरडत होतो पडून राहा, पडून राहा, तर ऐकेनात. त्याला लिहितावाचता येत नव्हतं बिचाऱ्याला. मी कचेरीत विचारलं, तर गाडी रंगवून पुढं धाडली म्हणाले. मग म्हणाले मोडीत काढली.” तिनं दिव्याची मान आणखी खाली वाकवली. “कुणाला सांगणार होते मी? वेडी म्हणाला असतात. आत्ता तू ‘तीच’ म्हणालास आणि माझं काळीज असं धडधडायला लागलं... कुठाय रे? वर होतं का?”

रंगाखाली काय आहे हे डॉक्टरइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रंगाखाली लांबी होती आणि लांबीखाली काहीही नव्हतं. स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

ताईनं वळून त्याच्याकडं बघितलं आणि तिला कळलं. लहानपणी त्यानं काही फोडलं की तिला असंच कळायचं.

“मी वाचलं होतं,” तो घाईघाईनं म्हणाला. “घासायच्या आधी वाचलं होतं ताई. तुझं नाव होतं.”

तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. “काय नाव होतं?”

मरणारा माणूस काही शाळेच्या दाखल्यावरचं नाव लिहीत नाही, असं त्याच्या मनात आलं. “ढब्बू,” तो म्हणाला. घरात सगळे थोरले तिला त्याच नावानं हाक मारायचे.

ताईनं चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“ते नाव त्यांना ठाऊक नव्हतं रे,” ती म्हणाली. “लग्न ठरलं तेव्हा मी आईला शपथ घातली होती. सासरी कळलं तर हसतील म्हणून. तू तेव्हा एवढासा होतास, तुला कुठलं आठवायला.”

“ताई, मी...”

“रडू नको. आणि खोटंही नको बोलूस. मला एवढंच सांग, होतं ते केवढं होतं? एखादा शब्द? सही?”

एखादाच शब्द होता म्हणाला असता तर तिचं दुःख तेवढ्यावर तरी राहिलं असतं. पण आता त्याच्या अंगात खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

“चार-पाच ओळी होत्या,” तो म्हणाला. “पार खालपर्यंत गेलेल्या.”

“चार-पाच ओळी?”

“हो.”

तिनं त्या गुळगुळीत हिरव्या पत्र्यावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

“पत्रात सुद्धा ‘खुशाल आहे, काळजी नसावी’ याच्या पुढं कधी गेले नाहीत,” ती म्हणाली. “घरी आले की बडबड सगळी माझीच, हे आपले हूं हूं करायचे. चार-पाच ओळी म्हणजे... एवढं ते माझ्याशी कधी बोललेच नव्हते रे.”