डोळ्याचं वेगळं

त्रिशलानं चूक केली ती एकच. "लेन्स साफ करायला द्यायची आहे" एवढंच म्हणून तिला गप्प बसता आलं असतं. पण ती म्हणाली, "लेन्सला बुरशी लागलीय, ती मारून घ्यायला पाहिजे." आणि तेही ऐन चातुर्मासात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची घाई चाललेली असताना, सासऱ्यांच्या ताटासमोर.

दुसऱ्या एखाद्या घरात कुणी मान वर करून बघितलं नसतं. पण हे कोल्हापुरातलं जयपाल हेरवाड्यांचं घर. चातुर्मासात इथं पालेभाजी बंद, पापड-लोणचं बंद, दळण ताजं, पाणी उकळलेलं. मोरीच्या भिंतीवर हिरवट डाग उठला तर तो खरवडायचा नाही, तिथली बादली उचलून दुसरीकडे ठेवायची. बुरशीच्या एवढ्याशा कणात अनंत जीव असतात, हे या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात. त्रिशलाही जैनाचीच मुलगी, माहेरी तीही हे सगळं पाळत आलेली. म्हणूनच तिनं तोंड सांभाळायला हवं होतं.

सासऱ्यांनी, जयपालमामांनी, घास खाली ठेवला.

"काय मारायचं म्हणालीस?"

तिनं सरळ सगळं सांगितलं. लेन्स तिच्या वडिलांची. जिनेंद्रअण्णांचा जयसिंगपुरात फोटो स्टुडिओ होता. ते गेले, स्टुडिओ गेला, आणि त्यांच्या मागं तिच्या हातात आली ती एवढी एक लेन्स. माणसाचा चेहरा ती असा धरायची की सुरकुत्या दिसायच्या पण बोचायच्या नाहीत. आताच्या कॅमेऱ्याला जोड लावून त्रिशला तीच वापरायची. तिनं काढलेले म्हाताऱ्या बायकांचे फोटो बघून पुण्याच्या एका संस्थेनं तिला काम दिलं होतं. कोल्हापूरच्या तालमींमधल्या जुन्या पैलवानांचे चेहरे, दिवाळीनंतर, याच लेन्सनं. लग्नानंतर बारशी आणि वाढदिवस सोडून तिला मिळालेलं हे पहिलं काम.

श्रावणात लेन्स उजेडात धरली तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखा एक धागा दिसला. ती शिवाजी पेठेत राजशेखरकडं गेली. कॅमेरे खोलून दुरुस्त करणारा आता गावात तोच उरला होता. त्यानं मागून बॅटरी मारली आणि म्हणाला, "वैनी, बुरशी हाय. पर कवळी हाय अजून. आत्ता पुसली तर काचेला काय व्हत न्हाय. दिवाळीपतोर अंधारात ठिवलासा तर मात्र काचच खाणार ती. मग मी काय, कुणी बी आलं तर उपेग न्हाय."

हे सगळं ऐकून घेतल्यावर मामा म्हणाले, "चातुर्मासात ह्या घरातली बुरशी मरणार न्हाय. दिवाळी झाली की बघू."

"तंवर काच जाईल, मामा."

"काच निर्जीव हाय. गेली तर गेली."

त्रिशलाला राग आला आणि रागात माणसाला नको ते आठवतं. "गेल्या आठवड्यात उसावर फवारणी केलासा की. ते किडं निर्जीव होते व्हय?"

ताटावरून उठून जावं असं हे बोलणं. पण मामा उठले नाहीत. उलट हसले. त्यांना शास्त्र माहीत होतं, आणि ज्यांना शास्त्र माहीत असतं त्यांना हसायला वेळ असतो.

"ती उद्योगी हिंसा. पोटासाठी धंदा करताना व्हती ती. संसारी माणसाला तेवढी सूट हाय. शेती आपला धंदा हाय, त्रिशला. तुझी ही हौस हाय. हौसेसाठी जीव मारायला कुठंच सूट न्हाय."

या एका शब्दापाशी सगळं अडलं. तिचं काम हे काम आहे की हौस, हे ठरवणारे ते कोण? ती म्हणाली, चातुर्मासाला आलेल्या मुनिमहाराजांना विचारूया. मामा म्हणाले, एवढ्याशा गोष्टीसाठी त्यागी माणसाला त्रास द्यायचा नसतो. महाराज कदाचित म्हणाले असते, की बाई, पोटाचं काम आहे तर कर. मामांनाही तीच भीती असणार. धर्माचा यात काही दोष नाही. धर्म बिचारा पोथीत होता, आणि पोथी मामांच्या हातात होती.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. सम्मेद शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. तिथं शंभर माणसांवर ओरडायचा आणि घरी बापासमोर आमटी भुरकायचा. "दिवाळी काय लांब हाय व्हय?" तो म्हणाला आणि भात मागितला.

मामांनी लेन्स मागून घेतली. तिच्या जुन्या चामड्याच्या पिशवीत घातली, वर मऊ कापड गुंडाळलं, जिवांना धक्का नको म्हणून, आणि आपल्या लोखंडी कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली. अंधार, चामडं, पावसाची ओल. बुरशी पाळायची म्हणून कुणी ठरवलं असतं तरी यापेक्षा चांगली सोय झाली नसती. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असायची. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, ही गोष्ट त्यांनी चार लोकांना सांगितली. लोकांनी वाखाणलं. यंत्रातल्या जिवांचीसुद्धा काळजी करणारा माणूस, म्हणाले.

भाद्रपद गेला. पावसानं काही उसंत दिली नाही. त्रिशला कपाटावरून जाताना थांबायची. रोज थोडी थोडी काच जातेय हे तिला माहीत होतं आणि काही करता येत नव्हतं. या माणसाचं वाईट व्हावं असं तिला पहिल्यांदा त्या दिवसांत वाटलं, आणि तसं वाटल्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

आश्विनात मामा शेत बघायला एसटीनं गेले. त्यांचा ऊस जयसिंगपूरच्या अलीकडं. सरीतून वाकून जाताना पाल्याची कड उजव्या डोळ्यात सटकन लागली. घरी येऊन त्यांनी साजूक तुपाचा थेंब घातला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, मग सुजलेला, मग उजेड सोसवेना. सम्मेदला रजा नव्हती म्हणून त्रिशलाच त्यांना रिक्षातून डॉक्टरकडं घेऊन गेली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी मामांची हनुवटी यंत्रावर टेकवली, बाजूनं उजेड सोडला आणि त्रिशलाला जवळ बोलावलं. "बघा. बुबुळाच्या कडेला पांढरे धागे दिसतात? उसाच्या पाल्यानं लागलं की होतं असं. ही बुरशी आहे."

त्रिशला हसली. हसायचं नव्हतं, पण आलं. डॉक्टर बाईंनी चमकून बघितलं.

"हसण्यावारी नेऊ नका. आत्ताच मारली नाही तर बुबुळावर पांढरा डाग राहील, कायमचा. जागे असतील तोवर तासातासाला थेंब घालायचे. एकही चुकवायचा नाही."

"न्हाय चुकवणार," त्रिशला म्हणाली.

आणि खरंच तिनं एकही चुकवला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की सुनेनं औषधात कुचराई केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्मेद कामावर गेल्यावर तिनं मामांना सोप्यातल्या कॉटवर झोपवलं. औषध दुधासारखं पांढरं, हलवून घालायचं. बाटली हलवली, टोपण काढलं, त्यांची पापणी दोन बोटांनी उघडी धरली आणि हात तसाच वर ठेवला.

"मामा, मारू का?"

"आं?"

"बुरशी. मारू का?"

"घाल की गं. आग व्हतीया."

"घालू का न्हाय, मारू का ते सांगा. अनंत जीव हायत. मी माझ्या मनानं कशी मारणार? चातुर्मास हाय."

मामा तिच्या हाताकडं बघत राहिले. बाटलीच्या टोकाला थेंब लोंबत होता.

"डोळ्याचं वेगळं हाय," ते म्हणाले.

"मग लेन्स द्या. दोन्ही एकदमच करूया."

"न्हाय. नियम तो नियम. दिवाळी झाल्याबिगर कपाट उघडायचं न्हाय."

याला काय म्हणावं? डोळ्यात बुरशी घेऊन पडलेला माणूस, पण किल्ली सोडेना. त्यांनी त्या वेळी जानव्याला हात घातला असता तर गोष्ट इथंच संपली असती. दोन्ही काचा वाचल्या असत्या.

"मग म्हणा," त्रिशला म्हणाली.

डोळ्यातून पाणी वाहून कानापर्यंत आलं. शेवटी ते म्हणाले, "मार."

तिनं थेंब सोडला. टोपण लावलं, पदरानं त्यांचा कान पुसला आणि स्वयंपाकाला गेली.

तासानं पुन्हा. "मामा, मारू का?" "मार." जेवणाआधी, जेवणानंतर, दुपारी डुलकीतून उठवून. आवाज कधी चढवला नाही. वरण पातळ केलं, उशी बदलली, खिडकीला जाड पडदा लावला. सेवेत खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच मामांना बाहेर कुणाकडं तक्रारही करता येईना. सम्मेदला एकदा त्यांनी सांगितलं. तो तिला म्हणाला, "अगं, कशाला म्हाताऱ्या माणसाला..." ती म्हणाली, "मग तुम्ही रजा काढा. तुम्ही घाला." त्यानं रजा काढली नाही.

एके दिवशी बस्तीतली मंडळी बघायला आली. त्यांच्यातले बाळासो उपाध्ये, ज्यांनी त्या लेन्सच्या गोष्टीला सगळ्यात जास्त माना डोलावल्या होत्या, तेच पुढं बसले. चहा झाला. थेंबाची वेळ झाली. त्रिशला बाटली घेऊन आली, पापणी धरली.

"मामा, मारू का?"

मामांनी मंडळीकडं बघितलं.

"काय मारायचं म्हणतिया?" बाळासोंनी विचारलं.

"डोळ्यात बुरशी हाय, काका. मामांनी सांगितल्याबिगर मी मारत न्हाय. अनंत जीव हायत न्हवं."

कुणीतरी घसा खाकरला. त्रिशला तशीच उभी राहिली, हात जराही न हलवता. त्या घटकेला मामांना डोळा गेला तरी चालेल असं वाटलं असणार. पण वाटणं वेगळं.

"मार," ते म्हणाले.

मंडळी लवकर उठली.

दिवाळी आली. पहाटे बस्तीत महावीरांना निर्वाण लाडू चढवून झाला, चातुर्मास सुटला. मामांचा डोळा तोवर बरा झाला होता. कडेला तिळाएवढा डाग राहिला, पण दिसायला काही अडचण नव्हती. खातरी करून घ्यायला ते रोज सकाळी डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तिथी वाचायचे, मग उजवा झाकून वाचायचे. डॉक्टर बाईंनी थेंब बंद केले, पण सांगितलं, "पुन्हा धुरकट दिसलं तर लगेच सुरू करा." म्हणून बाटली फळीवर ठेवलेली होती.

त्याच दिवशी मामांनी स्वतःच्या हातानं कपाट उघडलं आणि लेन्स तिला दिली. "घे. आता खुशाल मार."

राजशेखरनं लेन्स खोलली, काच पुसली, बॅटरीपुढं धरली आणि बोलायच्या आधी एकदा तिच्याकडं बघितलं. "बुरशी निघाली, वैनी. पर जिथनं जिथनं गेलीया तिथली काच खाल्लीया. हे वळ आता जात न्हाईत. उजेड तुमच्या पाठीमागं ठिवलासा तर जरा बरं येईल. समोरनं उजेड आला तर निस्तं धुकं."

तिनं दोन फोटो पुण्याला पाठवले. त्यांचं उत्तर सभ्य होतं. पैलवानांचे फोटो मग कुणा दुसऱ्यानं काढले.

त्रिशला रडली नाही. मामांनी तिला रडताना बघावं एवढं तिला त्यांना द्यायचं नव्हतं.

आठवड्यानं बस्तीची स्मरणिका निघायची होती आणि तीत मामांचा फोटो हवा होता. ते स्वतःच तिच्याकडं आले. डोक्यावर फेटा, अंगावर उपरणं. "त्रिशला, तुझ्या अण्णांच्या लेन्सनं काढ की. तीन महिने मी एवढी जपली ती."

तिनं त्यांचा चेहरा निरखला. ते टोमणा मारत नव्हते. खरंच त्यांना वाटत होतं, की त्यांनी ती जपली.

"बसा, मामा," ती म्हणाली. खुर्ची तिनं खिडकीच्या बरोबर पुढ्यात ठेवली आणि जाड पडदा सगळा बाजूला सारला. मला विचाराल तर मुद्दाम.

संध्याकाळी ती मोठी प्रिंट घेऊन आली. मामांनी ती उत्सुकतेनं हातात घेतली, चेहऱ्याजवळ नेली. फेटा होता, मिशा होत्या, पण सगळ्यावर पांढरं धुकं आणि उजव्या गालावरून वर चढत गेलेले बारीक धागे. त्यांनी डावा डोळा झाकून बघितलं. तेच. मग उजवा झाकून बघितलं. तेच.

"त्रिशला... परत आलं गं. ह्या डोळ्यात बी आलं."

एवढंच म्हणायचं होतं, की मामा, लेन्स खराब आहे. कॅलेंडरकडं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मामांना ते सुचलं नाही, आणि तिनं सुचवलं नाही.

"फोटो तर झ्याक आलाय, मामा," ती म्हणाली.

मामा भिंत चाचपत कॉटपर्यंत गेले, फेट्यासकट आडवे झाले. त्रिशलानं फळीवरची बाटली काढली आणि हलवली. ती जवळ येऊन उभी राहिली, पण आज तिला काही विचारावं लागलं नाही. मामांनी आपल्याच बोटांनी पापण्या ताणून धरल्या होत्या.

"मार," ते म्हणाले. "दोन्हीत मार."