पोटातली काळी कोर

मित्रांनो, माझ्यासमोर आलं की भलेभले श्वास धरतात. निपाणीच्या एका दवाखान्यातली मी जुनी एक्स-रे मशीन. नवी आले तेव्हा सगळे कौतुकानं बघायला आले होते. आता लोक बेळगावच्या मोठ्या मशीनचे गोडवे गातात, आणि मला खंडेनवमीला तेवढा हार मिळतो. चाकं कुरकुरतात, रंग उडालाय. पण माणसाच्या आत डोकावण्याचं नवल अजून सरलेलं नाही.

एका दुपारी चिकोडीकडच्या खेड्यातून सुलाबाई नवऱ्याला घेऊन आली. मायाप्पा गुडघेदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी खायचे. सकाळी त्यांच्या पोटात सुरी खुपसल्यागत कळ आली आणि पोट फळीसारखं कडक झालं. बेंबी सरकली असं समजून सुलाबाईनं तेल लावून चांगलं चोळलं होतं.

डॉक्टरांनी बसवून फोटो काढायला सांगितलं. सुलाबाई आडवी आली.

"न्हाय गं बाई, ह्यास्नी उठवू नगंस. बेंबी आणिक सरकंल."

फोटो काढणाऱ्या सुनयनानं नाइलाजानं आधी निजवूनच काढला. त्यात मला काहीच वेगळं दिसलं नाही. सुलाबाईनं पिशवीतून पुन्हा तेलाची बाटली काढली, तेव्हा मात्र मी घाबरले.

"आक्का," सुनयना म्हणाली, "आतड्याला भोक पडलं असंल तर हवा भाईर सुटती. निजल्यावर ती दिसत न्हाय. बसवलं की वर चढती. तुमीच धरा की त्यास्नी."

सुलाबाईनं बाटली ठेवली. हवा वर चढेपर्यंत नवऱ्याला टेकू देऊन ती बराच वेळ बसली. मग किरण लागू नयेत म्हणून सुनयनानं तिला बाहेर पाठवलं आणि ती मायाप्पांना म्हणाली, "श्वास धरा."

उजवीकडे, छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली एक बारीक काळी कोर उमटली. मित्रांनो, एवढीशी हवा ती! ना रंग, ना वजन; पण एक माणूस मरणाच्या दारात आहे, हे तिनं सांगितलं. इतकी वर्षं झाली, तरी मी थक्क होऊन बघत राहिले. डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन करून भोक शिवलं.

पोट अचानक असं कडक झालं, तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. आणि सांगतील तसं बसा. तेवढं केलंत, तर माझ्यासारखी म्हातारीसुद्धा उपयोगी पडते.

टाके काढल्यावर मायाप्पा मला बघायला आले. मी बंद होते. तरी ते माझ्यासमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी श्वास धरला. सुलाबाई बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"सोडा की आता," ती म्हणाली.