शेवटचं कुपन

आण्णाप्पानं निपाणीतला अख्खा संसार कुपनांवर उभा केला होता. चहाच्या पुड्यांतल्या कुपनांवर बरण्या आल्या, साबणाच्या वेष्टनांवर बादली. लेक ऋतिकाला बेळगावात नोकरी लागली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "पगारासंगट फुकट काय देत्यात गं?" पेपरातलं कुपन कडेची रेघ न मोडता कसं कापायचं, हे सगळ्या गल्लीला त्यानंच शिकवलं.

यंदा पेपराची कुकर योजना होती. रोजचं कुपन फॉर्मवर चिकटवायचं. आण्णाप्पानं लहान कुकरवर खूण केली. "दोघास्नी पुरतोय." आणि एक कुपन राहिलं असताना दवाखान्यात तो वारला. शेवटचं बोलला ते असं, "आजचं कापलंस न्हवं?" बायको जयाबाई व्हय म्हणाली. मग तो निर्धास्त गेला.

दुसऱ्या दिवशी पेपरात निधनाची चौकट आली, फोटोसकट. पान उलटलं तर नेमकं फोटोच्या पाठीमागं शेवटचं कुपन.

"जल्मात एकदाच त्येंचं नाव पेपरात आलंय," जयाबाई कात्री खाली ठेवत म्हणाली. "आन् न्हाय कापलं तर फॉर्म अर्धा ऱ्हातोय."

"दुसरा अंक आणते, आई."

"एका दिवशी दोन पेपर? त्येंच्या घरात?"

तरी ऋतिका गेली. स्टँडवरचे अंक संपले होते. मग गल्लीत दारोदार फिरली. प्रत्येक घरी पेपर होता, आणि प्रत्येक पेपरात आण्णाप्पाच्या जागी चौकोनी भोक होतं. कडा एकदम सरळ. शेजारच्या अंबुबाई डोळे पुसत म्हणाल्या, "त्येंनीच शिकवलंय, बाई."

ती रिकाम्या हातानं परतली. जयाबाईनं कात्री उचलली. आण्णाप्पाच्या तोंडाला खळ लावली आणि त्याला पालथा चिकटवला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दोघी बेळगावला पेपराच्या ऑफिसात गेल्या. खिडकीतला पोरगा म्हणाला, "अर्जदार स्वतः पाहिजेत."

"वारले ते," ऋतिका म्हणाली.

"दाखला?"

"नगरपालिकेतून यायचाय अजून."

"मग आपल्याच पेपरात बातमी आली असंल की. ती दाखवा, चालतंय."

"कुपनाच्या मागं आहे."

पोरग्यानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "सोडवा मग."

"फाटलं तर?"

"फाटकं कुपन बाद."

जयाबाईनं फॉर्म त्याच्या हातातून घेतला आणि खिडकीच्या उजेडाला धरला. कुपनावरच्या कुकरच्या चित्रातून हळूहळू आण्णाप्पा उमटला. नाव उलटं, भांग उलट्या बाजूला.

"हेच का ते?"

"हेच."

"उलटे दिसत्यात."

"आमच्यात आसंच आस्तंय," जयाबाई म्हणाली.

पोरग्यानं कुपनावर शिक्का मारला. नेमका कपाळावर बसला. फॉर्म त्यानं मागच्या पोत्यात टाकला आणि कुकर पुढं सरकवला.

परतीच्या बसमध्ये जयाबाई कुकर मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरनं सामान खाली ठेवायला सांगितलं, तिनं ऐकलं नाही. संकेश्वर गेलं. मग एकदम लेकीकडं वळली.

"ऋतिका, पोत्यात टाकताना त्येंस्नी उताणं टाकलं का गं, का पालथं?"

ऋतिकानं पाहिलं नव्हतं.

"उताणं," ती म्हणाली.