जनीचा लेट मार्क

सिनेमात आपलं काम करणारी नटी आपल्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आणि वीस किलोंनी हलकी आहे, याचं पद्मजाला मुळीच वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते तिच्या तोंडी घातलेल्या वाक्याचं.

'सगळ्याजणी खाली! माझ्यावर विश्वास ठेवा!'

कागदावर असं छापलेलं होतं, आणि डाव्या बाजूला ठळक अक्षरात पात्राचं नाव : पद्मजा. आता 'माझ्यावर विश्वास ठेवा' हे वाक्य पद्मजा आजवर फक्त एकदा, सुट्टे नसताना रिक्षावाल्याला म्हणाली होती. आणि त्यानेही ठेवला नव्हता.

शूटिंग शिरढोणच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका भातगिरणीत होतं. आत खोके रचून, पिवळे पट्टे ओढून द्रोणागिरीच्या गोदामातला पॅकिंगचा हॉल उभा केला होता, आणि इतका हुबेहूब की आत पाऊल टाकताच पद्मजा सवयीने टेबलाकडे वळली. तेच हजेरीचं टेबल. टेबलामागे तेच लोखंडी कपाट. फक्त जमिनीवर जिकडे तिकडे गिरणीचा जुना कोंडा होता. तो काही केल्या जात नव्हता.

सहा वर्षांपूर्वी त्या खऱ्या टेबलाशी ती बसायची. काम सोपं होतं. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत बायका आत येत, मशीनवर अंगठा लावत. त्यानंतर जी येईल तिच्या नावापुढे पद्मजा लाल पेनाने लिहायची, 'लेट'. अकरा वर्षं तिने हेच केलं. बायका तिला मागून 'लेटवाली बाय' म्हणत, हे तिला ठाऊक होतं. तिने कधी मनाला लावून घेतलं नाही.

एका सकाळी तीन माणसं गोदामात शिरली. कुठेतरी दरोडा घालून पळत होती, मागे पोलीस लागले होते, हातात पिस्तुलं होती. त्यांनी शटर ओढलं आणि एकतीस बायकांना सात तास डांबून ठेवलं. पाणी नाही, हलायचं नाही, रडायचं तर मनातल्या मनात. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोलिसांचं खास पथक मागचं शटर फोडून आत घुसलं. धूर, कानठळ्या बसवणारा आवाज आणि त्यातून काळ्या कपड्यातल्या माणसांच्या आरोळ्या : "लेट जाओ! लेट जाओ!"

पद्मजाला हिंदी येत नव्हतं असं नाही. पण अकरा वर्षं रोज सकाळी ज्या शब्दाचा एकच अर्थ होता, त्याचा ऐन वेळी दुसरा कुठून सुचणार? लेट जाओ, म्हणजे उशिरा जा. घाई करू नका, सावकाश निघा. म्हणून ती शिस्तीत, कपाटापुढे दोन पावलांवर, ताठ उभी राहिली. तिला बघून बाकीच्याही उभ्या राहिल्या. मॅडम उभ्या आहेत म्हणजे उभंच राहायचं असणार.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. "निजा! निजा गो, निजा!"

आणि कुणीतरी तिचा पदर असा खसकन ओढला की ती तोंडावर आपटली. सगळ्याजणी धडाधड आडव्या झाल्या. पुढच्याच क्षणी कपाटाच्या पत्र्याला दोन भोकं पडली, तिच्या छातीच्या उंचीला. नंतर तिने ती स्वतःचं बोट घालून पाहिली होती.

ओढणारा हात जनीचा होता. जनी कातकरी वाडीवरची, गोदामात झाडलोट करायची आणि खोके उचलायची. डोंगर उतरून यायची, टेम्पो चुकायचा, रोज आठ वीस. पद्मजाने तिच्या नावापुढे जितक्यांदा 'लेट' लिहिलं असेल तितक्यांदा स्वतःची सहीही केली नसेल. त्या दिवशी सकाळीसुद्धा लिहिलं होतंच.

बाहेर आल्यावर एका पत्रकाराने माइक पुढे केला. "झोपायला कोणी सांगितलं? कोण ओरडलं?" सुपरवायझर म्हणाला, "आमच्या मॅडमच पुढे होत्या." पद्मजाने तोंड उघडलं आणि शब्दांऐवजी रडू बाहेर आलं. लोकांना तो विनय वाटला. दुसऱ्या दिवशी पेपरात 'हजेरी क्लार्कच्या प्रसंगावधानाने एकतीस जणी बचावल्या' असं आलं. मग सोसायटीने सत्कार केला, महिला मंडळाने केला, नवऱ्याच्या, दीनानाथच्या ऑफिसातही झाला. दोन शाली, तीन नारळ. पहिल्या नारळाच्या वेळी सांगता आलं असतं. तिसऱ्यापर्यंत फार उशीर झाला होता.

जनीचं कंत्राट त्याच महिन्यात संपलं आणि ती दिसेनाशी झाली. पद्मजा तिला शोधत राहिली असं म्हणायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. वाडीचं नाव रजिस्टरात होतं, पनवेलच्या स्टँडवर रिक्षा उभ्या होत्या. ती गेली नाही, एवढंच.

त्याऐवजी तिने एक खोड लावून घेतली. काही बरं घडलं की मनात म्हणायचं, हे जनीमुळे. मुलीला, वल्लरीला, बारावीला चांगले मार्क मिळाले, हे जनीमुळे. लोणच्याची बरणी यंदा बुरशी न धरता टिकली, हे जनीमुळे. दीनानाथ शेजारी घोरायला लागला की उशी कानावर दाबताना ती म्हणायची, हेही जनीमुळेच. देवासमोर निरांजन लावताना एक नाव जास्तीचं असायचं. ज्या बाईचं नाव तिने लोकांसमोर एकदाही घेतलं नव्हतं, तिचं नाव ती घरात दिवसातून चारदा घेत होती.

आणि आता हा सिनेमा. दिग्दर्शक राजस, तिशीचा, गोड मुलगा. घरी येऊन दोनदा पोहे खाऊन गेला होता. त्याला पद्मजाची सही हवी होती, 'यात दाखवलेलं खरं आहे आणि माझी हरकत नाही' अशा पत्रावर. ती पंधरा दिवस टाळत होती. कधी चष्मा सापडत नव्हता, कधी पेन. आज शेवटचा दिवस होता. आज सही झाली की ते वाक्य कायमचं तिचं होणार होतं. मोठ्या पडद्यावर, सगळ्यांदेखत. मग कुणी कितीही म्हटलं तरी जनी त्या हॉलमध्ये नव्हतीच.

"करून टाक की," दीनानाथ म्हणाला. तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, जणू त्याचंच काम होतं सिनेमात. "एवढं काय लाजतेस? बायको शूर आहे हे मला सहा वर्षांपूर्वीच कळलंय."

"त्याआधी काय वाटत होतं?"

"त्याआधी नुसतीच भीती वाटत होती."

ती हसली. त्याला सांगायचं म्हणजे घरातल्या हॉलमधली मानपत्राची फ्रेम भिंतीवरून उतरवायची. तिच्यामागे रंगाचा चौकोन वेगळा दिसेल. रोज दिसेल.

"मॅडम, इथे बसा, मॉनिटरपाशी," रुचिरा म्हणाली. ही राजसची सहायक, हातात याद्यांचा पॅड, कानात यंत्र. "आत्ता मेन सीन आहे. क्राउडच्या बायका आसपासच्या वाड्यांवरून आणल्यात. मी त्यांना समजावलंय. हिरॉइन डायलॉग बोलली की सगळ्यांनी आडवं व्हायचं."

पद्मजा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर तीसेक बायका डोक्याला फडकी गुंडाळून उभ्या होत्या. मधोमध नटी, कपाटापुढे. ती मात्र छान उभी होती.

"ॲक्शन!"

शटर फुटलं. धूर आला. खोट्या गोळ्यांचा आवाज खऱ्यापेक्षा मोठा निघाला. काळ्या कपड्यातले नट ओरडत आत घुसले, "लेट जाओ! लेट जाओ!" आता नटीने बोलायचं होतं. पण धुराबरोबर कोंडा उडाला, तो तिच्या नाकात गेला आणि ती शिंकत सुटली. वाक्य राहिलं. बायका डायलॉगची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या. नट आणखी जोरात ओरडले, "अरे, लेट जाओ!" एक बाई शेजारणीला विचारताना स्पष्ट ऐकू आली, "कोन लेट झाली?"

आणि मग पाठीमागून आवाज आला.

"निजा! निजा गो, निजा!"

धडाधड सगळ्याजणी आडव्या झाल्या. हॉल सपाट झाला. शिंकणारी नटीही खाली पडली, कारण कुणीतरी तिचा पदर ओढला होता.

"कट!" राजस उठून उभा राहिला. "कोण होतं ते? कोण ओरडलं?"

बायकांनी माना खाली घातल्या. आपल्यातली एक चुकली, आता आजची मजुरी बुडणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. रुचिरा चिडून पुढे गेली. "अहो, डायलॉगच्या आधी बोलायचं नाही, सांगितलं होतं ना? कोण ओरडलं?"

तोच प्रश्न. माइक नव्हता, एवढाच काय तो फरक.

"पद्मजा," दीनानाथ घाबरून म्हणाला, "अगं, तू खाली काय करतेस?"

तेव्हा पद्मजाला कळलं की आपण खुर्चीत नाही. आपण मॉनिटरजवळ, कोंड्यात, पोटावर पालथ्या पडलो आहोत. तिला कुणी ओढलं नव्हतं. नुसत्या आवाजावर अंग आपण होऊन खाली गेलं होतं.

ती उठली. केसांत कोंडा, साडीला कोंडा. नीट करायच्या भानगडीत पडली असती तर पुन्हा तोंड मिटलं असतं, म्हणून ती तशीच पुढे गेली.

"ती ओरडली," ती म्हणाली आणि हात केला. मागच्या रांगेत एक वाळकी बाई तोंडावर पदर घेऊन बसली होती. "जनी. आणि तेव्हाही तीच ओरडली होती. मी नाही. मला लेट म्हणजे उशीर वाटला होता. मी नुसती उभी होते. हिने मला ओढलं म्हणून मी आहे."

एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. पत्रकार, सुपरवायझर, शाली, नारळ, सगळं सांगून झालं. सहा वर्षं लागली होती, सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

राजसने डोक्याला हात लावला. "मॅडम, पण मग हिरॉइन काय करते?"

"उभी राहते. गोंधळून उभी राहते. छान राहते, मी बघितलंय. वाक्य ज्याचं त्याला द्या, त्याखाली मी दहा सह्या करीन."

राजस मॉनिटरकडे वळला. नुकतंच टिपलेलं त्याने पुन्हा लावलं. निजा गो, निजा. धडाधड. पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा बघताना तो रुचिराला हळूच म्हणाला, "असं आपल्याला लिहिता आलं नसतं गं."

तोवर पद्मजा जनीसमोर जाऊन बसली होती. देवासमोर चारदा घेतलेलं नाव समोर बसून घेणं वेगळं. जनीने पदर खाली केला, डोळे बारीक केले आणि एकदम हसली.

"अगो बाय! लेटवाल्या बाय!"

"हो, मीच. जनी, मी तेव्हा तुझं नाव..."

"मना कुनी सांगला नाय कसला शिनेमा हाय. खोके बगून वाटला, हे आपला गोदाम." जनी आजूबाजूला बघत म्हणाली. "म्हनलं पुना पकडतान का काय."

"तुला लेट जाओ कसं कळलं होतं गं?"

"इटभट्टीवर व्हते ना मी. बाजूला बिहारची बाय व्हती. पोराला निजवाची तवा म्हनाची, लेट जा, लेट जा." जनीने मांडीवर थोपटून दाखवलं. "पोर काय निजाचा नाय. आमी सगली निजाचो."

पद्मजाला हसू आणि रडू एकदम आलं. तिने जनीचा हात धरला. तोच हात, आता जास्त खरखरीत.

"मी तुझं नाव सांगितलं नाही, जनी. सगळे मलाच म्हणत राहिले आणि मी गप्प बसले. तू माझा जीव वाचवलास."

जनी जरा अवघडली. "तुमी पुढं उब्या व्हत्या ना, बाय," ती म्हणाली. "मना कायच दिसत नव्हता."

दीनानाथ कधी मागे येऊन उभा राहिला, कळलं नाही. त्याच्या हातात पद्मजाची प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्याने जनीसमोर ठेवली, बस म्हणून खूण केली, आणि हात जोडले. मग त्याने पद्मजाच्या केसांतला कोंडा काढायला घेतला आणि पुटपुटला, "फ्रेमच्या जागी कॅलेंडर लावू."

प्रसंग दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचा ठरला, जनीच्या भूमिकेत जनी. तिला ते पटवताना नाकी नऊ आले. "आत्ता ओरडली ते फुकट गेला काय?" असं ती विचारत होती. शेवटी पद्मजा येणार असेल तर येते म्हणाली.

सकाळी आठला सगळे तयार होते. दिवे लागले, धुराचं यंत्र तापलं, काळे कपडे घालून नट घामाघूम उभे राहिले. आठ दहा झाले. आठ वीस झाले. रुचिराने पॅडवरच्या यादीत बोट फिरवलं आणि पेन काढलं. "जनीताई लेट..."

पद्मजाने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. "थांबू या," ती म्हणाली.

मग सगळे थांबले. दिग्दर्शक, नटी, दिवेवाले, बंदुकवाले, चहाच्या किटल्या. आठ पस्तीसला डोंगराकडच्या वाटेने जनी येताना दिसली, सावकाश, पदराचा ओचा पोटाशी धरून. जवळ आल्यावर तिने ओचा सोडला. त्यात करवंदं होती, काळीभोर, वर अजून डोंगराची धूळ.

तिने एवढ्या माणसांकडे बघितलं आणि घाबरून विचारलं, "लेट झाली, बाय?"

"नाही गं," पद्मजा करवंदांसाठी ओंजळ पुढे करत म्हणाली, "आम्हीच लवकर आलो."