सगळ्यांचे चारच शब्द

सर्दी-खोकल्याची डॉक्टरीण! प्रशिक्षक तिला तोंडावर असंच म्हणायचा आणि वर हसायचाही. तिनं आधी फॅमिली डॉक्टरचं शिक्षण घेतलं, मग खेळाडूंच्या दुखण्यांचं वेगळं, बारा वर्षं मैदानाच्या कडेला उन्हात काढली, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण सुरी न चालवणारा तो कसला डॉक्टर, असं त्याचं ठाम मत. तिलाही तो डोळ्यांसमोर नको असायचा. म्हणजे फिट्टंफाट.

त्या दिवशी हॉकीचा उपांत्य सामना होता आणि निवड समितीची दोन माणसं वर येऊन बसली होती. मध्यंतराच्या जरा आधी कर्णधार पोरीच्या कानशिलावर समोरचीचं कोपर बसलं. पोरगी पडली, उठली, हसली, पुन्हा पळायला लागली. ही कर्णधार म्हणजे प्रशिक्षकाची सख्खी लेक.

कपडे बदलायच्या खोलीत डॉक्टरिणीनं तिला बाकावर बसवलं. दहा शब्द वाचून दाखवायचे, किती आठवतात ते मोजायचं आणि हंगामाच्या सुरुवातीला, धडधाकट असताना, किती आठवले होते त्याच्याशी ताडून बघायचं.

"चार," डॉक्टरीण म्हणाली.

"आणि सुरुवातीला किती होते?" प्रशिक्षकानं विचारलं. त्याला उत्तर पाठ होतं.

"तेव्हाही चार."

"मग झालं तर! होती तशीच आहे. करा सही आणि सोडा तिला."

कागद जुळत होते, हीच तर गोम होती. संघाच्या सगळ्या चाली तोंडपाठ असलेल्या पोरीला चांगली असताना दहातले चारच शब्द आठवतात? डॉक्टरिणीनं बाकीच्यांची पानं उलटली. गोलकीपर, चार. बचावफळीतल्या दोघी, चार. सतराच्या सतरा पोरींचे चारच! अरे, खोटंच बोलायचं तर निदान एखादीला पाच तरी सांगायला लावायचे. आणि आपण त्यावर डोळे मिटून सह्या ठोकल्या, याची तिला स्वतःचीच भयंकर चीड आली.

"तुम्ही पढवलंत यांना! मुद्दाम कमी सांगा, म्हणजे डोक्याला मार बसला तरी कागदावर फरक दिसायला नको."

"असतील सगळ्या मठ्ठ. पाच मिनिटं उरलीत, मॅडम. तिचं आयुष्य आज ठरतंय. तुमच्या नखऱ्यांपायी ते मातीत घालू?"

"आणखी एक दणका बसला तर ठरवायला आयुष्यच उरणार नाही. बाप आहात की कोण आहात?"

आता पोरगीच उसळली. "मला काहीएक झालेलं नाही! तुम्हाला बाबांची जिरवायचीय, म्हणून माझ्या मागे लागलात."

हे डॉक्टरिणीला झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तिनं पेन खिशात टाकलं.

"मी नाही विचारत. तुम्हीच विचारा तिला, काय वाटेल ते."

"विचारतो की!" तो लेकीकडे वळला. "पेनल्टी कॉर्नर मिळाला तर आज चेंडू कोण अडवणार?"

"बुटकी," पोरगी ताडकन म्हणाली. "ती अडवणार, मी मारणार. सकाळीच नाही का ठरलं?"

बुटकी गेल्या वर्षीच गुडघा मोडून संघातून गेली होती. तो गुडघा डॉक्टरिणीनंच तपासला होता. शेजारच्या बाकावर बसलेल्या गोलकीपरनं मान खाली घातली.

"बरोबर, बाळा," प्रशिक्षक म्हणाला. इतक्या हळू आवाजात तो कधी बोलत नसे. मग त्यानं लेकीच्या दंडावरची कर्णधाराची पट्टी सोडायला घेतली. गाठ काही त्याला सुटेना.

"लिहा काय लिहायचंय ते," तो डॉक्टरिणीकडे न बघता खेकसला. "आणि उद्यापासून मला तोंड दाखवू नका."

"बाबा, पट्टी का काढताय?" पोरीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "बरोबर सांगितलं ना मी?"