बाणाच्या जागी

केसाच्या टोकावर बसतील एवढी बारीक भिंगं ती करायची. काचेवर रसायनाचे इवले खांब उभे करायचे आणि काच हॉटप्लेटवर तापवायची. खांब वितळले, की आपोआप गोल घुमट होतात. काच उचलायला जरा उशीर झाला, तर शेजारचे घुमट एकमेकांत मिसळतात. तिच्या हातून असं कधी होत नसे. हात कसा बसलेला! संसाराची घडी तेवढी बसत नव्हती.

नवरा परमुलखात, हीच भिंगं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. सहा महिन्यांसाठी म्हणून गेला, त्याला तीन वर्षं झाली. मध्ये एकदा न कळवता उगवला आणि दोन दिवसांत बॅग उचलून निघाला, तेव्हा ती भडकली होती. "हे घर आहे, लॉज नाही! पुढच्या वेळी विचारून ये." पठ्ठ्याने तेवढंच धरून ठेवलं. विचारलंही नाही आणि आलाही नाही. आईला रोज फोन, बायकोला फक्त तिने भिंगांसोबत पाठवलेल्या अहवालाची पोच.

"दोघंही सारखेच हेकट," सासूबाई म्हणायच्या. "अगं, तूच कर की फोन."

"मीच का म्हणून?"

तोंडाने म्हणायची खरी. आतून मात्र त्याच्या आठवणीने जीव तुटायचा.

भिंगं तपासायची रीत साधी. काचेखाली बाणाचं चित्र ठेवायचं. प्रत्येक भिंगात स्वच्छ, उलटा बाण दिसला की काच पास. एका दुपारी तिच्या प्रयोगशाळेत दुसरं कोणी नव्हतं. तिने बाण काढला आणि पारदर्शक कागदावर छापलेला नवऱ्याचा जुना फोटो तिथे सरकवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चारशे नवरे, सगळे उलटे, सगळे हसरे! एकालाही हात लावता येईना. ती ढसाढसा रडली आणि तोंड धुवायला गेली. सूक्ष्मदर्शकावरच्या कॅमेऱ्याला कसलं आलंय सुखदुःख? त्याने ठरल्या वेळी फोटो काढून अहवालात टाकला. तिने न बघता अहवाल आणि काच नवऱ्याकडे पाठवून दिली.

चूक कळली तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, नेहमीसारखंच रुक्ष: "मधली भिंगं उत्तम. डाव्या कोपऱ्यातली दोन मिसळली आहेत. आमच्या चाचणीचा फोटो सोबत."

फोटोत बाण नव्हता. प्रत्येक भिंगात त्याच्या अक्षरातले दोन शब्द होते, उलटे. तिने फोटो छापला आणि कागद फिरवून धरला.

येऊ का?

तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही, आणि आता एका दमात चारशे वेळा!

तिने फोन लावला. तो चाचरत म्हणाला, "ती कोपऱ्यातली दोन... तुझ्या हातून कशी मिसळली?"

"तुझी आठवण आली होती," ती म्हणाली. "काच वेळेवर उचलायची राहून गेली. ये आता."