पुढचा उजवा पाय

काकांनी कुत्रीला पाय द्यायला शिकवलं ते प्रेमापोटी, असं नंतर सगळे म्हणायचे. खरं तर त्यात निम्मा कंटाळा होता. माणसाच्या चांगुलपणाचा हिशेब मांडायला बसलं की कुठेतरी आळसाचं खातं निघतंच.

नवी औषधं माणसाच्या पोटात जाण्याआधी जनावरांच्या पोटात जातात. ती जिथे जातात अशा एका संस्थेच्या प्राणिगृहात काका कामाला होते. ते तिथे कोणाचेच काका नव्हते. केस लवकर पांढरे झाले, त्याची ही बक्षिसी. सकाळी आल्यावर कपडे बदलायचे, रबरी बूट चढवायचे, पिंजरे धुवायचे, खाणं मोजून घालायचं, रात्रीतून कोणी ओकलंय का, कोणाला जुलाब झालेत का ते बघायचं. आणि रक्त काढायचं. या शेवटच्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने कुत्र्याला छातीशी आवळून धरायचं, दुसऱ्याने पुढच्या पायाची शीर शोधायची. हा दुसरा माणूस म्हणजे काकांचा सहकारी. त्याला सगळे पाचमिनिट म्हणायचे, कारण फोन केला की तो कुठेही असो, पाच मिनिटांत पोचत असे. निदान त्याचं म्हणणं तसं होतं.

त्याची वाट बघण्यात सकाळ वाया जायची. म्हणून काकांनी एका कुत्रीला एकट्यानेच हाताळायला घेतलं. त्यांनी तळहात पुढे करायचा. तिने पुढचा उजवा पाय त्यावर ठेवायचा आणि सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. मग खिशातलं बिस्कीट. आधी पाय, मग बिस्कीट. उधारी दोन्हीकडून बंद. महिनाभरात ती इतकी तरबेज झाली की काका नुसते समोर येऊन बसले तरी पाय पुढे यायचा.

संस्थेत कुत्र्यांना नावं ठेवायची पद्धत नव्हती. ती फक्त एकमेकांना ठेवायची. कुत्र्यांच्या कानात नंबर असायचा. पण काका हिला सासूबाई म्हणायचे. लादी पुसून झाली की ती कोपरान् कोपरा हुंगत फिरायची आणि एखाद्या ठिकाणी थांबून मान वर करून त्यांच्याकडे बघायची.

"माझ्या आईचं नाव कुत्रीला दिलंत?" बायकोने विचारलं होतं.

"नाव कुठे? हुद्दा दिला."

"आई असती तर चावली असती तुम्हाला."

"म्हणून तर ही बरी."

एरवी बायको त्या कामाचा विषय घरात येऊ देत नसे. शेजाऱ्यांना ती सांगायची, औषधांच्या कंपनीत आहेत. खोटं नव्हतं आणि पुढे कोणी विचारतही नसे. पण सासूबाईंचं सगळं तिला ऐकायचं असायचं. आज कुठला कोपरा नापास झाला, बिस्कीट खाताना डोळे मिटले की नाही. त्यांची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. घरात दोघंच, आणि दोघांची भांडणंही आता जुनी होऊन मऊ पडली होती.

बायकोला आशा लागली ती काकांमुळेच. प्रयोग संपला की औषध दिलेल्या कुत्र्यांना मारून, आत काय झालंय ते उघडून बघायचं, हा नियम. पण काही कुत्र्यांना तुलनेसाठी औषधाविना नुसती कॅप्सूल द्यायचे. सासूबाई त्यांतल्या. अशांपैकी एखादं बाहेर कोणाच्या घरी द्यायला परवानगी होती. उरलेली पुढच्या प्रयोगात जायची. काकांनी हे सांगितल्यावर बायको नाही म्हणाली. मग एका संध्याकाळी काका घरी आले, तर मुलीच्या खोलीतली खाट भिंतीला सरकवलेली आणि खिडकीखाली जुनं पांघरूण चौपदरी घालून ठेवलेलं.

"पाहुणे येणारेत का कोणी?"

"सासूबाई यायच्यात ना?" ती म्हणाली. "त्यांना काय लादीवर झोपवणार?"

आता सगळं अडलं होतं ते निवडीपाशी. कुत्रं एकच सुटणार होतं, आणि ते कोणतं हे संस्थेचे जनावरांचे डॉक्टर आणि प्रयोग चालवणाऱ्या मॅडम मिळून ठरवणार होते. पाचमिनिटाने आदल्या दिवशीच बजावलं होतं, "काका, उद्या तोंड उघडू नका. डॉक्टर आपल्या बाजूचे आहेत. तुम्ही बोलायला गेलात की बिघडतं."

सल्ला चांगला होता. पण आयुष्यभर उशिरा येणाऱ्या माणसाचा होता, त्यामुळे काकांनी तो मनावर घेतला नाही.

डॉक्टर आणि मॅडम एकेका पिंजऱ्यापुढून सरकत आले. पहिल्या पिंजऱ्यातल्या कुत्र्याला काका फौजदार म्हणायचे. तो कोणी जवळ आलं की दात दाखवायचा आणि वेळ आली तर वापरायचाही. त्याने मॅडमना दात दाखवले. मग सासूबाई. डॉक्टरांनी डोळे, दात, कान बघितले आणि मान हलवली. तिथेच सगळं पार पडलं असतं. पण आपल्या माणसाचं कौतुक दुसऱ्याने पुरेसं केलं नाही असं वाटलं, की भल्याभल्यांची जीभ सुटते.

"फार गुणी आहे, मॅडम," काका म्हणाले. "घरात सहज राहील. हे बघा." त्यांनी तळहात पुढे केला. सासूबाईंनी पाय ठेवला. "सुई टोचली तरी हलत नाही. धरायलासुद्धा कोणी लागत नाही."

मॅडम थांबल्या. "कोणीच धरत नाही?"

"कोणीच नाही. मी एकटा काढतो रक्त."

"आणि घाबरत नाही?"

"छे. उलट वाट बघते."

मॅडमनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग समजावल्यासारखं बोलल्या. आवळून धरलं की जनावर घाबरतं, ती भीती रक्तात उतरते आणि आकडे बिघडतात. पुढच्या प्रयोगात दिवसातून बऱ्याच वेळा रक्त काढायचं होतं. "असं जनावर शोधून मिळत नाही, काका. आणि आपण हिला बाहेर देऊन टाकायला निघालो होतो."

काकांना आधी वाटलं, ही स्तुती चालली आहे. मग ती कुठे चालली आहे ते कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त इथे हात त्यांनी दाखवला होता आणि अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी आलं होतं.

"तशी चावते कधी कधी," ते म्हणाले.

डॉक्टर लादीकडे बघू लागले. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी रागावून बघितलं नाही, खोटं पकडल्यासारखं हसल्याही नाहीत. हातमोजा काढून त्या उकिडव्या बसल्या आणि तळहात पुढे केला.

काका मनात म्हणाले, चाव. एकदा चाव.

सासूबाईंनी एकदा काकांकडे पाहिलं आणि पुढचा उजवा पाय मॅडमच्या हातावर ठेवला. मॅडमच्या खिशात बिस्कीट नव्हतं. तरीही ती पाय तसाच ठेवून वाट बघत राहिली.

"फार चांगलं काम केलंत तुम्ही," मॅडम उठताना म्हणाल्या, आणि ते त्या मनापासून म्हणाल्या. "बाकीच्यांनाही असंच शिकवा."

सुटला फौजदार. चावऱ्या कुत्र्याचा प्रयोगाला उपयोग नव्हता. "तुमचं घर तयार आहे ना?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं. काका नाही म्हणाले असते तर तोही आतच राहिला असता. ते हो म्हणाले.

बायको दारातच उभी होती. "ह्या सासूबाई?"

"नाही. हा फौजदार."

तिने काकांच्या तोंडाकडे बघितलं. आत जाऊन पांघरूण खिडकीखालून थोडं कोपऱ्यात सरकवलं; घाबरलेल्याला पाठीशी भिंत लागते, एवढं तिला न सांगता कळत होतं.

नवा प्रयोग सुरू झाला. काकांनी बाकीच्या कुत्र्यांनाही पाय द्यायला शिकवलं. न शिकवून काय करणार? आवळून धरलेलं कुत्रं कसं थरथरतं ते धरणाऱ्याच्या छातीला कळतं. पाय पुढे करणाऱ्याला निदान तेवढं तरी चुकतं. ते शिकवत गेले, कुत्री शिकत गेली, आकडे स्वच्छ येत गेले. या वेळी सासूबाईंच्या कॅप्सूलमध्ये औषध होतं. ती बारीक होत गेली. लादी पुसली तरी उठेनाशी झाली. जागेवरूनच नाक हलवायची.

शेवटच्या दिवशी वाढवणाऱ्यांनी यायचं नाही, अशी तिथली अलिखित रीत होती. त्या दिवशी कोणाचं पोट दुखायचं, कोणाच्या घरी गळकी टाकी निघायची, आणि वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतली माणसं येऊन काम उरकायची. "तुम्हीही नका येऊ," डॉक्टर म्हणाले.

"ते लोक आवळून धरतील," काका म्हणाले.

ते आले तेव्हा दाराशी पाचमिनिट उभा होता. वेळेवर.

"आज पोट नाही दुखलं?"

"दुखतंय," तो म्हणाला, आणि दार उघडून बाजूला झाला.

आतड्यांची तपासणी असते म्हणून त्या दिवशी जनावराला उपाशी ठेवायचा नियम होता. काका सासूबाईंसमोर बसले. अजून काही केलं नव्हतं, हातही पुढे केला नव्हता. तिने मान उचलली, पुढचा उजवा पाय ओढत आणला आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. डॉक्टरांनी शीर शोधली. तिने सुईकडे बघितलं नाही. ती काकांच्या खिशाकडे बघत होती.

काकांनी बिस्कीट काढलं. डॉक्टरांनी सिरिंज उचलली.

सुई आत गेली. बिस्कीट तिने घेतलं, पण चावायला वेळ पुरला नाही. नंतर डॉक्टरांनी बोट घालून ते अख्खंच्या अख्खं बाहेर काढलं आणि आपल्याच खिशात टाकलं.

काका घरी पोचले तेव्हा बायको मुलीच्या खोलीत फौजदारासमोर मांडी घालून बसली होती. एवढ्या दिवसांत तो तिच्या हातून खायला लागला होता. त्यापुढे एक इंचही नाही. तिने तळहात पुढे केला.

"दे बघू पाय. सासूबाई देतात म्हणे, मग तुला काय झालं?"

फौजदाराने ओठ मागे ओढून दात दाखवले आणि घशात गुरगुरला. तिने हात मागे घेतला.

"मेल्याला काही शिकायला नको," ती म्हणाली. मग दाराकडे वळली, काकांना पाहिलं, आणि तिचा हात मांडीवर तसाच राहिला.

काका बूटही न काढता आत आले. खिशात आणखी एक बिस्कीट उरलं होतं. ते त्यांनी फौजदारापुढे लादीवर ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला.

"शाब्बास," ते म्हणाले.